नव्या पंपाची ट्रायल

उज्जैनला जाऊन आले म्हटलं की आमच्या सोसायटीतल्या बायका हात पुढे करतात, प्रसाद द्या म्हणून. या खेपेला मी सगळ्यांना सरळ सांगून टाकलं, प्रसाद नाही, महाकालाचं दर्शनही नाही. मी आमच्या बाबांच्या जुन्या मोटारीला पेट्रोलचा पंप बसवायला गेले होते आणि बसवून आले. त्यावर बायकांचे चेहरे असे झाले की जणू मी काशीला जाऊन दाढ काढून आले.

ज्यांनी उज्जैन पाहिलेलं नाही त्यांनी जरूर जावं. देऊळ आहे, नदी आहे, माणसं बोलायला गोड आहेत. त्या गोडव्याबद्दल मात्र माझ्याकडून फार ऐकायला मिळणार नाही. माझं माहेर आहे ते, आणि माहेरावर चिडायचा हक्क बाईला असतोच.

बाबा वाईहून तिथल्या कॉलेजात शिकवायला गेले आणि तिथलेच झाले. मी लग्न होऊन पुण्याला आले. धाकटा भाऊ सुधाकर तिथंच राहिला, कापडाच्या मिलमध्ये लागला, सूत खात्यात सुपरवायझर झाला. मग मिल बंद पडली. म्हणजे बंद केली असं कुणी सांगितलंच नाही, एके दिवशी भोंगा वाजला नाही एवढंच. तेव्हा पेपरात रोज येत होतं की देशाची दारं उघडली, आता सगळं मिळणार. मिळायला लागलं हे खरं. नाक्यावरच्या दुकानात परदेशी चॉकलेट मिळू लागलं. चाळिशी ओलांडलेल्या सूत खात्याच्या सुपरवायझरला मात्र कुणी काम देईना. दोन वर्षं तो सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसत होता, हे मला मंगलनं, त्याच्या बायकोनं सांगितलं. तो स्वतः कधी बोलला नाही.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर शेजाऱ्यांच्या फोनवरून त्याचा फोन आला. आवाज एकदम पूर्वीसारखा. ‘ताई, काम होऊन जाणार बघ. टॉवर चौकात एक ट्रॅव्हल्सवाले सेठजी आहेत, ते यात्रेकरूंसाठी गाड्या लावून घेतात. बाबांची गाडी मी रंगवून ठेवली. आता फक्त ट्रायल. ओंकारेश्वर, एका दिवसात जाऊन येऊन, पॅसेंजर बसवून. वाटेत बंद नाही पडली की पास.’

बाबांची गाडी आणि बंद पडायचं नाही! मला हसूच आलं. गाडीचं नाव सांगत नाही, त्या काळी दोन-तीनच जाती होत्या, ज्यांच्या घरी होती त्यांना कळेल. चांगली तीस वर्षं चाललेली, बाबांनी घेतली तीही जुनीच. तिचा पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसवलेला, मुठीएवढा, टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजायचं हे त्याचं काम. पंप म्हातारा झाला, आतलं रबर थकलं, आणि उन्हात इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ व्हायची. वाफ काही त्याला ओढता येत नसे. मग गाडी घाटात उभी. बाबा खाली उतरणार, बॉनेट उघडणार, पंपावर ओला पंचा ठेवून वरून तांब्यानं पाणी सोडणार. येणारे-जाणारे विचारायचे, ‘क्या सरजी, अभिषेक चल रहा है?’ आमच्या लहानपणी आम्ही ज्या ज्या गावाला गेलो त्या त्या गावाच्या अलीकडे हा अभिषेक झालेला आहे.

‘पंप बदलून टाकू,’ मी म्हटलं. ‘नवीन विजेवरचे आलेत ना आता?’

‘इथं नाही मिळून राहिला,’ तो म्हणाला.

नाना पेठेत मिळाला. दुकानदार म्हणाला, ‘काकू, बाहेरच्या देशातला माल आहे, आता सर्रास येतो.’ मी तो सुती साडीत गुंडाळला आणि मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागल्याबरोबर रेल्वेत बसले.

उज्जैन

पोचले तो शनिवार होता, आणि तिथंच पहिली माशी शिंकली. मी पिशवीतून पंप काढला तर मंगल दारातच आडवी. ‘ताई, शनिवारी लोखंड घरात नका आणू.’ आमच्याकडे पुण्यात शनिवारी फार तर तेल घेत नाहीत. या गावात शनीचा दरारा फार, इथं साधी सुई आणत नाहीत. ‘अगं, हा बहुतेक अॅल्युमिनियमचा आहे,’ मी म्हटलं. ‘बाहेरून असेल, आत काय आहे ते आपल्याला काय माहीत?’ ती म्हणाली. हे काही खोटं नव्हतं. तेव्हा परदेशातून आलेला तो पंप पहिली रात्र ओट्यावर, तुळशीशेजारी, पातेल्याखाली झाकून झोपला.

रविवारी सकाळी सुधाकर पोहे घेऊन आला. उज्जैनचे पोहे वाफेवरचे, वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावण म्हणून एक आंबट-तिखट मसाला, सोबत जिलबी. पुण्यात कुणी पोह्यांबरोबर जिलबी मागितली तर डॉक्टरचा पत्ता देतील. मी दोन वाट्या खाल्ल्या. सुधाकर खात नव्हता, तो कागद वाचत होता. पंपाबरोबर आलेला कागद, चित्रांचा.

‘ताई, बघ. टाकीजवळ लावायचा असं दाखवलंय. मागं, डिकीखाली.’

‘मग तिथंच लावू.’

‘उस्तादला विचारून घेऊ,’ तो म्हणाला. हा त्याचा स्वभावच. मिलमध्येही तो कुणाला तरी विचारून घेत असे.

आगर रोड

कैलाश उस्तादचं गॅरेज आगर रोडवर, बंद मिलच्या भिंतीला लागून. भिंतीवर पिंपळ उगवलेला. सुधाकरनं गाडी लावली ती पाठ मिलकडे करून.

उस्ताद म्हणजे मोठा गडगडाटी माणूस. त्यानं पंप हातात घेऊन कानाशी हलवला, कागद घेतला, एक नजर टाकली आणि त्याच कागदावर कचोरी ठेवली. मी म्हटलं, ‘अहो, त्यावर लिहिलंय कुठं बसवायचा ते.’

‘बहनजी, ये कंपनीवाले ठंडे मुल्क के हैं. उनको मालवा की गर्मी का क्या पता? पंप इंजन के पास ही अच्छा. नज़र के सामने रहता है.’

‘पण तापतं म्हणूनच तर बदलतोय ना?’

‘ये बिजली का है. ये नहीं तपता.’

मी सुधाकरकडे पाहिलं. सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘उस्ताद तीस वर्षांपासून करून राहिलेत, ताई.’

जुना पंप निघाला. त्याच्या जागी इंजिनाला भोक राहिलं, त्यावर उस्तादनं पत्रा कापून बसवला. नवा पंप त्याच्याच वर, एका पट्टीवर टांगला. किल्ली फिरवली की टकटक टकटक वाजू लागला. उस्तादनं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. आम्ही देवासच्या रस्त्यावर फेरी मारायला निघालो. मे महिन्याची दुपार, डांबर मऊ झालेलं. पंधरा-वीस मिनिटं गाडी हरणासारखी पळाली आणि मग तिनं आचके दिले, उचकी लागल्यासारखं केलं आणि बाभळीखाली थांबली. पंप टकटक करत होता, पण त्यात होती नुसती वाफ. हात लावला तर चटका.

सुधाकरनं किल्ली बंद केली. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘मंगळवारी ट्रायल आहे. मी सेठजींना हो म्हणून बसलोय.’ आणि त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. त्याला मी लहानपणीसुद्धा रडताना फार पाहिलेलं नाही. मला उस्तादचा, त्या मिलचा, पंपाचा, सगळ्यांचाच असा राग आला की मी खाली उतरून रस्त्यावर उभी राहिले आणि गाडी ओढून न्यायला ट्रक थांबवला.

परत गॅरेजात मी तोंड सोडलं. सगळं सांगत बसत नाही, पण माझं हिंदी त्या दिवशी बरंच सुधारलं. मी म्हटलं, कचोरीचा तो कागद उचला, तेल पुसा आणि चित्रात आहे तिथं लावा. सोमवारी दिवसभर उभी राहून मी ते करून घेतलं. पंप मागं, डिकीखाली, टाकीच्या शेजारी, थंडाव्याला. त्याच्या आधी एक गाळणी. वायर किल्लीपर्यंत, म्हणजे किल्ली बंद तर पंप बंद. संध्याकाळी उस्ताद हात पुसत म्हणाला, ‘मैं तो पहले ही बोल रहा था, पीछे लगाओ.’ मला हसावं की बोंबलावं कळेना. सुधाकर म्हणाला, ‘जी उस्ताद.’

त्या संध्याकाळी आम्ही राम घाटावर गेलो. क्षिप्रेला उन्हाळ्यात पाणी कसलं, घोटाभर हिरवं. मंगलनं दिवा सोडला, तो शेवाळात अडकून तिथंच राहिला. ती पुटपुटत होती ते मला ऐकू आलं, ‘गाडी पास होऊ दे. त्यांना कुठंतरी जायला होऊ दे सकाळचं.’ पैशाचं नावसुद्धा तिनं काढलं नाही.

ओंकारेश्वरकडे

ट्रायलचे पॅसेंजर सेठजीच पाठवतात आणि पेट्रोल गाडीवाल्याचं, अशी तिथली रीत. सुधाकरनं मला पुढं बसवलं, ‘पंपाचा आवाज ऐकत बस’ म्हणून. मागं एक माताजी, त्यांचे यजमान आणि त्यांची लेक, डब्यांसह. माताजींनी बसल्या बसल्या सीटवर बुक्की मारून पाहिली. नवऱ्याला म्हणाल्या, ‘ठीक है.’ मला वाटलं, ट्रायलचे पॅसेंजर आहेत, तपासणारच.

सुधाकरनं गाडी अशी चालवली की काय सांगू! खड्डा दिसला की आधी हळू, मग अजून हळू. माताजींना लिंबाची सावली आवडली तर तिथं थांबला. इंदूरला त्यांना कचोरी खायची झाली, थांबला. त्यांच्या यजमानांना चष्म्याची काडी बसवून घ्यायची होती, तीही बसवून दिली. किल्ली बंद, किल्ली चालू, पंप टकटक करून लगेच पेट्रोल देत होता. दर वेळी तो माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. इंदूर सोडल्यावर रस्ता घाटानं खाली निमाडात उतरतो. उतरणीला गाडीची परीक्षा नसते. परीक्षा येताना, भर दुपारी, चढणीला. ते सुधाकरला माहीत होतं, म्हणून तो जाताना प्रत्येक वळण नीट पाहून ठेवत होता.

नर्मदेकाठी

नर्मदा क्षिप्रेसारखी नाही. तिला उन्हाळा माहीत नाही. निळं खोल पाणी, नावा, पलीकडे बेटावर देऊळ. तिघं दर्शन करून आले. सुधाकर वर गाडीजवळ थांबला होता, सावलीचा तुकडा सरकेल तशी गाडी सरकवत. मी माताजींबरोबर पायऱ्यांवर बसले. त्यांनी डबा उघडला, मला पुरी दिली, आंब्याचं लोणचं दिलं. बाई मनानं चांगली, हे मला कबूल केलं पाहिजे.

‘आपके भाई गाड़ी अच्छी चलाते हैं,’ त्या म्हणाल्या. ‘पिछले हफ़्तेवाला तो बहुत भगाता था. उलटी हो गई मुझे.’

‘मागच्या आठवड्यात? कुठं गेला होतात?’ मी हिंदीत विचारलं.

‘महेश्वर. उससे पहले मांडव. वो गाड़ी नई थी, पर आदमी चिड़चिड़ा.’ त्यांनी बोट चाटलं. ‘दामादजी का धंधा ही ऐसा है. ट्रायल की गाड़ी आती रहती है, तो हमको बिठा देते हैं. कहते हैं, अम्मा, घूम आओ, तुम्हारा तीरथ हो जाएगा.’

मी विचारलं, त्या गाड्या मग लागल्या का कामाला?

‘वो तो दामादजी जानें,’ त्या म्हणाल्या आणि मला अजून एक पुरी वाढली.

ती पुरी माझ्या हातातच राहिली. म्हणजे सेठजींच्या सासूबाईंची तीर्थयात्रा! रिकामे झालेले मिलचे लोक, कुणी बापाची गाडी काढतो, कुणी बायकोचे दागिने मोडून घेतो, आणि हा एकेकाची ट्रायल घेतो. एक आठवडा महेश्वर, एक आठवडा मांडवचा किल्ला. पेट्रोल ज्याचं त्याचं. वर त्यात कुणाला वाईटही वाटत नाही. माताजी किती साधेपणानं सांगत होत्या!

मी तडक वर गेले. सुधाकर बॉनेट पुसत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. तो पुसतच राहिला. मग फडका झटकला, घडी केली, खिडकीतून आत ठेवला.

‘ऐकलंस का मी काय म्हणाले?’

‘ऐकलं.’

‘अरे मग? त्यांना इथंच सोड. बसनं येऊ देत.’

‘म्हाताऱ्या माणसांना कुठं सोडू, ताई?’ तो म्हणाला. ‘आत्ता नको बोलूस. घाट चढायचाय.’

घाट

बडवाह सोडलं तेव्हा ऊन असं होतं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. मागं तिघंही झोपलेले. घाट सुरू झाला. ट्रक दम खात चढत होते, कडेला दोन-तीन गाड्या तोंड उघडून उभ्या होत्या, त्यांचे ड्रायव्हर पंपावर पाणी ओतत होते. सुधाकरनं दुसरा गियर टाकला.

खरं सांगते, मी मनात म्हणत होते, बंद पड. इथंच, या वळणावर, झाड नसलेल्या ठिकाणी बंद पड आणि यांना उन्हात उभं कर. स्वतः आणलेला पंप, स्वतः भांडून बसवलेला, आणि त्याला मी शाप देत होते.

पंपाला माझी भाषा कळत नसावी. पहिलं वळण, दुसरं, ते देवीचं ठाणं, जिथं बाबांची गाडी हटकून थांबायची, तेही गेलं. सुधाकर पुढं वाकलेला, कान मागं लावलेले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. गाडी नुसती गुणगुणत चढली. वर सपाटीवर आल्यावर त्यानं ती चहाच्या टपरीपाशी घेतली, उतरला, बॉनेट उघडून जुन्या पंपाच्या जागी बसवलेला पत्रा पाहिला, मग मागं जाऊन वाकून डिकीखाली हात घातला.

‘ताई, थंड आहे! हात लावून बघ, एकदम थंड!’

आणि तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा, मंगल शपथेवर सांगेल. टपरीवाल्याला सांगितलं, शेजारच्या ट्रकवाल्याला सांगितलं, बिजलीचा पंप, पीछे लगाया है, एक बार नहीं रुकी. ट्रकवाल्यानं वाकून पाहिलं आणि मान डोलावली. मी चहा घेतला नाही. मला सगळ्याचाच वीट आला होता आणि त्या हसण्याचा तर सर्वांत जास्त.

मागून माताजींचा आवाज आला, ‘भैया, देर हो रही है.’

टॉवर चौक

दिवे लागले होते. टॉवरभोवती आइस्क्रीमच्या गाड्या, नव्या चकचकीत काचांची दुकानं, स्कूटरवर अख्खी कुटुंबं. सगळं गाव हवा खायला आलेलं. सेठजी दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले होते, गोरे, हसरे, बोलायला साखर. त्यांनी आधी सासूबाईंचा हात धरून उतरवलं. ‘कैसी रही, अम्मा?’

‘अच्छी रही. सीट थोड़ी चुभती है.’

बडवाहपासून मी वाक्यं जुळवत आले होते. हिंदीतली, लिंग-वचनासकट तपासलेली. सगळ्या चौकाला ऐकू जातील अशी. मी दार उघडून उतरले.

‘भाईसाहब, गाड़ी पास है,’ सेठजी सुधाकरला म्हणाले. ‘ड्राइविंग भी पास. बस क्या है, आजकल पार्टी नई गाड़ी माँगती है. ठंडी हवावाली. सीज़न में देखेंगे, ख़बर करेंगे.’ मग बाकीच्या गोष्टी मिटल्यासारखं करून म्हणाले, ‘हाँ, परसों मेरे साढ़ू आ रहे हैं. उनको मांडव दिखाना है. एक ट्रायल उधर की भी दे दो, तो अपने को भी भरोसा हो जाए.’

मी तोंड उघडलं. सुधाकरनं माझ्याकडे पाहिलंच नाही. शर्ट चुरगळला होता तो त्यानं खाली ओढून सरळ केला.

‘घाट तो मांडव में भी है,’ तो म्हणाला. ‘गाड़ी कितने बजे लगाऊँ, सेठजी?’